‘इथेच कर’ म्हणणारे आम्ही

जून उजाडला की आमच्या विभागाच्या दारात बी. ए. झालेला एखादा विद्यार्थी येऊन उभा राहतो आणि विचारतो, ‘सर, एम. ए. इथेच करू की विद्यापीठात जाऊ?’ मराठीचे प्राध्यापक म्हणून आम्ही या प्रश्नाला वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो आहोत : ‘कशाला एवढ्या लांब जातोस? अभ्यासक्रम इथूनतिथून सारखाच. घरचे जेवण आहे, आम्ही आहोत.’ हे उत्तर अप्रामाणिक आहे, असे आमचे आता स्पष्ट मत झाले आहे.

पटसंख्या घटली की कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला की पद धोक्यात येते, हे विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. विद्यार्थ्याच्या हिताविषयी बोलण्याचा आव आणून आपण बोलत असतो ते आपल्या नोकरीविषयी. हे मान्य केल्याखेरीज पुढची चर्चा व्यर्थ आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे नाव दूरच्या विद्यापीठाच्या प्रवेशयादीत लागले होते. वडील राजी होते, आई कचरत होती. दोघांनी आम्हांला विचारले आणि आम्ही ‘इथेच’ म्हणालो. ती प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. परंतु त्या दोन वर्षांत तिला कोणी एकदाही खोडून काढले नाही. तिचे घर आमच्या ओळखीचे, त्यामुळे तिच्या निबंधातले दोषही आम्ही हळुवारपणेच दाखवले. आज ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते आणि आम्ही तिला दिलेली टिपणेच पुढच्या वर्गाला उतरवून देते.

दूर गेल्याने काय मिळाले असते? अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी मुले एका बाकावर बसली की आपली बोली म्हणजेच मराठी नव्हे, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाआधीच कळते. शिक्षक आपल्याला ओळखत नाही, म्हणून आपले मत पुराव्यानिशी मांडावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून मोठे शिक्षण कोणते?

यावर ‘कोसला’चा दाखला हमखास पुढे केला जातो. पांडुरंग सांगवीकर पुण्याला गेला, त्याने काय मिळवले? हाती काही न लागता तो गावीच परतला ना? खरे आहे. दूरचे महाविद्यालय यशाची हमी देत नाही. पण सांगवीकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची जी किंमत पांडुरंग मोजतो, ती वजा केली तर 1963 साली मराठी कादंबरीत जे घडले त्यातले काय उरते? विद्यार्थ्यांना ‘कोसला’ शिकवायची आणि पुण्याची वाट मात्र अडवायची, हा विरोधाभास आम्हांला बोचू लागला आहे.

पैशाचा मुद्दा मात्र आम्ही हलका मानत नाही. खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च अनेक घरांना झेपत नाही. परंतु स्वाधार, स्वयम आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना दूर राहून शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठीच आहेत. त्यांचे अर्ज कसे भरायचे हे आपल्यापैकी कितीजण सांगतात? आपल्या प्रवेशअर्जाची अंतिम तारीख मात्र सर्वांना तोंडपाठ असते.

याचा अर्थ अंतर म्हणजेच गुणवत्ता, असे आम्ही म्हणत नाही. मराठवाड्यातल्या कित्येकांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, त्या काळात, 1950 साली, तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले हे महाविद्यालय अनेकांसाठी जवळचे होते, पण सोयीचे नव्हते. दलित साहित्याच्या चळवळीला तिथून जे बळ मिळाले, ते पाच अपेक्षित प्रश्न पाठ करून घेणाऱ्या वर्गातून मिळाले नसते. ज्यांनी स्वतः 1913 साली न्यूयॉर्क गाठले होते, त्यांनी खेड्यातल्या मुलांच्या दारी आणलेले शिक्षण असे कसदार होते.

तेव्हा आमचा वाद जवळच्या महाविद्यालयाशी नाही. जवळीक ही सबब करणाऱ्या आमच्याशीच आहे. वर्गात मूळ संहिता न आणता गाईड आणायचे, निबंध न तपासता गुण द्यायचे आणि वर ‘इथे काय कमी आहे?’ असे विचारायचे, हे थांबले पाहिजे. ते थांबवता येत नसेल, तर दारात आलेल्या विद्यार्थ्याला अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परवा त्याच विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, पीएच. डी.साठी अर्ज कुठे करू?’ आमच्यापैकी एकाने सवयीने मार्गदर्शक म्हणून स्वतःचेच नाव सुचवले. ती ‘बरं’ म्हणाली. तिने इतक्या सहज ‘बरं’ म्हणावे, याचीच आम्हांला लाज वाटली आणि हा लेख लिहायला घेतला.