गवताळ रानाचे राखणदार

वाशिम जिल्ह्यातील धनज-कारंजा परिसरात सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या शेतांमध्ये अधूनमधून उघडी गवताळ राने दिसतात. सरकारी दप्तरी अशा भूमीला ‘पडीक’ म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः काळविटांच्या कळपांचे आणि तणमोर या अतिदुर्मीळ पक्ष्याचे जीवन याच गवतावर अवलंबून आहे. कारंजा-सोहोळचे अभयारण्य २००० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र मात्र अवघे अठरा चौरस किलोमीटरच्या आसपास. काळवीट सीमारेषा पाहून चरत नाही आणि तणमोर गवतासोबत उभ्या पिकातही घरटे करतो. म्हणूनच केवळ कुंपणाने संरक्षण होईल, हा भ्रम आहे.

या रानाचा खरा जाणकार म्हणजे फासेपारधी समाज. पावसाळ्यात गवतावरून उंच उडी घेणारा तणमोराचा नर कोठे दिसेल, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? परंतु १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या इंग्रजी धोरणाने पुढे या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला, तरी गावाच्या मनातील संशय गेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पण फासे खाली ठेवणाऱ्या हातांना पर्यायी काम कोणी द्यायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. अकोला-वाशिम भागात ‘संवेदना’ या संस्थेने याच समाजाला सोबत घेऊन गवताळ रान आणि तणमोर राखण्याचा मार्ग धरला, हे म्हणूनच महत्त्वाचे.

या संदर्भात आफ्रिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. नामिबियात १९८०च्या दशकात गावप्रमुखांनी नेमलेल्या वन्यजीव रक्षकांत पूर्वीचे शिकारीही होते. १९९६च्या कायद्याने तेथील ग्रामसमूहांना वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला. केनियात ‘अ रोशा’ या ख्रिस्ती संस्थेने अराबुको-सोकोके अरण्यालगतच्या कुटुंबांतील मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या आणि त्यासाठी निसर्गपर्यटनाच्या उत्पन्नाचा आधार घेतला. मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली, या बायबलमधील कल्पनेवर लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली कठोर टीका केली होती. तेव्हापासून अनेक ख्रिस्ती विचारवंत सत्तेऐवजी विश्वस्तपणाचा अर्थ पुढे मांडतात. तो अर्थ कितपत मूळचा, हा वाद पंडितांनी घालावा. अरण्य राखले तर मुलाची शाळा चालते, हे नाते मात्र तेथे प्रत्यक्ष जोडले गेले.

आपल्याकडे भक्तिभावाची वाण नाही. देवरायांची परंपरा त्याची साक्ष आहे. उणीव आहे ती व्यवस्थेची. काळविटांनी पीक फस्त केलेल्या शेतकऱ्याला भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले, तर त्याने कोणत्या श्रद्धेने रान राखावे? तो आणि पारधी, या दोघांनाही वगळून होणारे संवर्धन कागदावरच राहील.

यास्तव गवताळ रानांना ‘पडीक’ म्हणून खड्डे खणून झाडे लावण्याचा उत्साह आवरावा. पिकाची भरपाई वेळेवर मिळावी. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांना अधिकार द्यावेत आणि राखणदारीचे वेतन देऊन पारधी तरुणांना त्यात मानाचे स्थान असावे. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले, त्यांना रक्षक म्हणून उभे करणे हे वन्यजीव संवर्धन तर आहेच, पण समाजाने स्वतःचे फेडलेले ऋणही आहे.