शेजारच्या बाकावरील माणूस

ख्रिस्ती मंडळीच्या कारभारात बहुतेक गोष्टींचे दप्तर नीट ठेवलेले असते. बाप्तिस्मा, विवाह, दफन, अर्पणाचा जमाखर्च, मिळकतीचे दस्तऐवज, पंचांच्या बैठकांचे ठराव, यांपैकी कशाचीही नोंद सहसा चुकत नाही. परंतु याच मंडळीतील एखादा वृद्ध विधुर लागोपाठ चार रविवार उपासनेला आला नाही, तर त्याची अनुपस्थिती कित्येकदा कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि येते तेव्हा पाळकसाहेब जाऊन येतील या समजुतीवर सर्वजण निश्चिंत राहतात. परस्परांविषयीची ममता बोलून आणि वागून दाखविणे हा उपासना आटोपल्यावरचा शिष्टाचार नसून तो उपासनेचाच भाग आहे, व तो पाळकावर सोपवून मोकळे होण्याचा अधिकार कोणाही सभासदाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला आरंभीच्या मंडळीचा आधार आहे. रोम, करिंथ आणि थेस्सलनीका येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांच्या अखेरीस पौलाने पवित्र चुंबनाने एकमेकांना अभिवादन करण्यास सांगितले, आणि ते अशा समाजात सांगितले की ज्यात धनी व गुलाम, यहुदी व ग्रीक यांच्यामधील अंतर जन्माने आणि कायद्याने ठरलेले होते. इ. स. 150 च्या सुमारास जस्टिन मार्टर याने उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यातही प्रार्थना संपल्यावर आणि भाकर व द्राक्षारस पुढे आणण्यापूर्वी हे अभिवादन येते. म्हणजे पवित्र भोजनास बसण्याआधी शेजाऱ्याला जवळ करणे हा तेव्हाचा शिरस्ता होता. पुढे शतकानुशतके हा विधी आकुंचित होत गेला. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपातील चर्चमध्ये शेजाऱ्याऐवजी धातूची वा लाकडाची एक नक्षीदार पाटी चुंबनासाठी हातोहात फिरविली जाऊ लागली, आणि ती आधी कोणापुढे यावी, या मानपानावरून प्रत्यक्ष देवालयात तंटे होऊ लागले. माणसाच्या जागी वस्तू आली की प्रेमाच्या विधीतही प्रतिष्ठेचा प्रश्न कसा शिरतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 च्या नव्या मिस्साविधीत, शांतीचे हे अभिवादन पुन्हा सर्व भाविकांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्याच वर्षी भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेला ते हात जोडून करण्याची अनुज्ञा मिळाली. ही व्यवस्था आपल्या संस्कृतीला सर्वथा अनुरूप आहे. मात्र नमस्कार दुरून करता येतो, आणि ज्याला करावयाचा त्याच्या डोळ्यांकडे न पाहताही करता येतो, हा धोका आपण ओळखला पाहिजे.

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी उपासनेनंतर व्हरांड्यात मंडळी उभी होती. पुरुषांचे घोळके भावकीप्रमाणे पडले होते, सोयरेधायरे एकमेकांची विचारपूस करीत होते, आणि त्या गावी नुकतीच बदली होऊन आलेली एक परिचारिका आपल्या लहान मुलीसह लिंबाखाली एकटी उभी होती. तिला कोणी टाळत होते असे नव्हे. तिच्याकडे जावे असे कोणाला सुचले नव्हते, इतकेच. तेवढ्यात विटक्या लुगड्यातील एक म्हातारी काठी टेकीत तिच्यापाशी गेली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली आणि विचारले, "कुठल्या गावची गं बाई तू? चल, भाकर खाऊन जा. तव्यावर एक जास्तीची टाकायला काय लागतंय?" त्या परिचारिकेच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशीचे प्रवचन फार विद्वत्तापूर्ण होते, आणि त्याविषयी मला आदर आहे. पण ख्रिस्ताच्या मंडळीचे दर्शन मला घडले ते त्या लिंबाखाली.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये माया नाही असे कोणी म्हणू नये. मयताच्या घरी रात्रभर बसणारी, आजाऱ्यासाठी उपवास करून प्रार्थना करणारी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. पण ही माया बहुधा रक्ताच्या आणि सोयरिकीच्या पाटांतूनच वाहते, आणि ते पाट पुष्कळ ठिकाणी पूर्वाश्रमीच्या जातींच्या जुन्या बांधांना धरून गेलेले आहेत, हे खरे दुःख आहे. करिंथ येथे याहून वेगळे काय घडले होते? तेथे सामुदायिक भोजनाच्या वेळी काही जण आपले अन्न आधीच खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना इतक्या कठोर शब्दांत फटकारले. ज्या धर्मात जाऊन पंगतीचा भेद सुटला असे आपण अभिमानाने सांगतो, त्या धर्मातील प्रभुभोजनाला एकत्र बसून घरच्या जेवणाला वेगळे बसणे, हे त्या फटकाऱ्यास पात्र आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या मनातील सोवळेओवळे कसे गळून पडले ते ज्या निर्मळपणे सांगितले आहे, ते वाचताना ध्यानात येते की, मनाचा निश्चय झाला तरी दुसऱ्याच्या हातचे पाणी प्रत्यक्ष घेईपर्यंत तो निश्चय पुरा होत नसतो. नारायण वामन टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' स्थापिला तो तर बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही एका बंधुत्वात आणण्यासाठी. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा संप्रदायांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. घटनेच्या कागदावर झालेले ते ऐक्य चुलीपर्यंत नेण्याचे काम मात्र कोणत्याही धर्मपरिषदेच्या ठरावाने होणारे नाही.

ममतेला मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. प्रत्येकाला अंगाला हात लावलेला रुचत नाही, शोकमग्न माणसाला कधी एकांत हवा असतो, आणि स्त्रिया व मुले यांच्या बाबतीत तर त्यांचा संकोच हीच आज्ञा मानली पाहिजे. परंतु मर्यादेच्या नावाखाली, विशेषतः आम्हा पुरुषांनी, जो अबोला स्वीकारला आहे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मुलगा परीक्षेत नापास झालेल्या बापाच्या शेजारी जाऊन बसावे, नोकरी सुटलेल्या तरुणाला नावाने हाक मारावी, कोर्टकज्जात विरुद्ध बाजूला असलेल्या सभासदालाही उपासनेच्या दिवशी सलाम करावा, यांपैकी कशालाही धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. मंडळीच्या मिळकतींवरून वर्षानुवर्षे जे दावे चालू आहेत, त्यांतील वादी-प्रतिवादींनी एकमेकांच्या घरचे दुःख वेळीच विचारले असते, तर कित्येक फिर्यादी दाखलच झाल्या नसत्या, अशी माझी खात्री आहे.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी, ज्याच्याशी आपली सोयरीक नाही आणि होण्याचा संभवही नाही, अशा एका कुटुंबाला आपल्या घरी जेवावयास बोलवा. आणि त्यांनी उलट बोलावले, तर कोणतीही सबब न सांगता त्यांच्या घरी जाऊन पोटभर जेवून या.