डबीवरचा हजाराचा आकडा

म्हैसूरच्या आमच्या सरस्वतीपुरममध्ये संध्याकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या बोलण्यात हल्ली मॅग्नेशियम आल्याशिवाय राहत नाही. कुणाच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, कुणाचा डोळा लागत नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून त्यांच्या डब्या माझ्याकडे येतात. परवा शेजारच्या अम्मांनी दोन आणल्या. एकीवर ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिग्रॅ’, दुसरीवर ‘मॅग्नेशियम ऑक्साइड 400 मिग्रॅ’. हजाराची गोळी अडीचपट जोरदार, असा त्यांचा हिशेब. तो साहजिक आहे, पण चुकीचा आहे, आणि या चुकीला डबी छापणारे जबाबदार आहेत.

दोन्ही आकडे अख्ख्या संयुगाच्या वजनाचे. ऑक्साइडच्या वजनात सुमारे 60 टक्के मॅग्नेशियम असते, ग्लायसिनेटच्या वजनात सुमारे 14 टक्के. म्हणजे 400च्या गोळीत साधारण 240 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि हजाराच्या गोळीत 140. प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती, हे डबीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातले अंगी किती लागते, हा पुढचा प्रश्न. ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्यातले जेमतेम 4 टक्के शोषले गेल्याचे दिसले. मॅग्नेशियम सायट्रेट हा आणखी एक प्रकार पाण्यात चांगला विरघळतो आणि थेट तुलनेत ऑक्साइडहून सरस ठरला आहे. ग्लायसिनेटची जाहिरात मात्र पुराव्याच्या पुढे धावते. आतड्याचा काही भाग काढलेल्या रुग्णांवर 1994मध्ये झालेल्या प्रयोगात 100 मिलिग्रॅमच्या मात्रेतून ऑक्साइड आणि ग्लायसिनेट दोन्ही 23 टक्क्यांच्या आसपास शोषले गेले. ज्यांचे शोषण फारच बिघडले होते, त्यांनाच ग्लायसिनेटचा ठळक फायदा झाला.

एकाच ऑक्साइडला एका ठिकाणी 4 आणि दुसऱ्या ठिकाणी 23, असे का? मोजण्याची रीत, माणसे आणि मात्रा, सगळेच वेगळे होते. त्यातली मात्रा आपल्या हातात असते. थोडे मॅग्नेशियम दिले तर आतडे त्यातला मोठा हिस्सा घेते. एकदम जास्त दिले तर हिस्सा घटतो, उरलेले आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया या रेचकाचे काम याच गुणावर चालते. म्हणून दिवसाची मात्रा दोनदा विभागून, जेवणाबरोबर घेणे हे महागडा प्रकार शोधण्याइतकेच महत्त्वाचे.

खाल्ले किती आणि मिळाले किती, हा प्रश्न या गावाला नवा नाही. चेलुवांबा महालात 1950पासून असलेल्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत कल्पना प्लाटेल आणि के. श्रीनिवासन यांनी धान्या-डाळींतल्या लोह-जस्तावर वर्षानुवर्षे काम केले. जठर आणि आतड्यातले पचन प्रयोगशाळेत घडवायचे आणि पातळ पडद्यातून पलीकडे किती खनिज झिरपते ते मोजायचे, ही त्यांची पद्धत. नाचणीला मोड आणल्यावर तिच्यातले लोह अधिक मोकळे होते, हे त्यातूनच दिसले. धान्यातले फायटेट मॅग्नेशियमलाही धरून ठेवते, त्यामुळे मोड आणणे, आंबवणे या जुन्या सवयी मला इथेही मोलाच्या वाटतात.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे रोज पुरुषांना 440 आणि स्त्रियांना 370 मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे 146 मिलिग्रॅम असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात विसाच्या आसपास. रागी मुद्देच्या, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांच्या, या मुलुखात घरोघरी भात वरचढ झाला आहे, आणि त्या ताटाकडे न बघता थेट औषधांच्या दुकानात जाणे मला खटकते.

गोळी घ्यायचीच असेल, तर सायट्रेट किंवा ग्लायसिनेट, लहान मात्रेत. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही प्रकार घेऊ नये. जास्तीचे मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते.