वकील की न्यायाधीश?

जर्मन जेझुइट फादर पीटर गुम्पेल २०२२ साली, वयाच्या ९८व्या वर्षी निवर्तले. नाझी राजवटीपायी विद्यार्थिदशेतच मायदेशास मुकलेल्या या पंडिताच्या निष्ठेविषयी शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या भूमिकेविषयी. पोप बारावे पायस यांच्या संतपदाच्या प्रकरणात पुराव्यांची छाननी हे त्यांचे काम; केली मात्र जाहीर वकिली! १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधून हजारावर यहुदी पकडून ऑशविट्झला धाडले गेले. पोपमहाशयांनी उघड निषेध केला नाही. मठांनी अनेकांना आश्रय दिला, हेही खरेच. पण २००९ मध्ये पायस ‘पूजनीय’ ठरले आणि त्यांच्या कारकिर्दीचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले २०२० मध्ये! निकाल आधी, कागदपत्रे मागाहून. एवढी घाई कशासाठी होती?