दिवा निळा असो की पांढरा, आधी दवाखाना गाठा



आज ऊस सोडून दुसऱ्याच विषयावर लिहीत आहोत, त्याला कारण घडले. लागणीच्या नोंदी घेत असताना एका वयस्कर सभासदांनी आम्हाला बांधावर बाजूला घेऊन हळूच विचारले, "साहेब, लघवी लाल होतीय, पण दुखत काहीच नाही. उष्णताच असंल न्हवं?" चार महिने ते धने-जिऱ्याचे पाणी पीत होते. मध्यंतरी रक्त थांबले, म्हणून घरात कुणाला बोलले नाहीत.

आम्ही काही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाले. पण माहिती घेतली ती सांगतो. न दुखता लघवीतून रक्त जाणे ही मूत्राशयाच्या कॅन्सरची नेहमीची पहिली खूण आहे. मुतखड्याने, जंतूंनीही रक्त जाते. पण ते तपासून ठरवायचे, अंदाजाने नव्हे. रक्त आपोआप थांबते, आणि तिथेच माणूस फसतो. हा रोग पुरुषांत तीन-चार पट अधिक, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेटचा धूर. भगिनींनीही पाळीचे किंवा उन्हाळी लागल्याचे रक्त समजून अंगावर काढू नये.

डॉक्टर लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात. पांढऱ्या उजेडात उंच वाढलेली गाठ दिसते, पण अस्तरावर सपाट पसरलेला रोग नजरेतून सुटू शकतो. त्यासाठी निळ्या उजेडाची जोड निघाली. हेक्झामिनोलेव्ह्युलिनेट नावाचे औषध नळीने मूत्राशयात सोडून सुमारे तासभर ठेवतात. कॅन्सरच्या पेशींत त्यापासून एक द्रव्य साठते आणि निळ्या उजेडात ती जागा गुलाबी-लाल चमकते. अमेरिकेत या औषधाला २०१० साली मंजुरी मिळाली. सुजलेली जागाही कधी कधी चमकते, म्हणून तुकडा काढून तपासावाच लागतो.

उसावरची काणी आठवा. काळा चाबूक बाहेर पडतो तेव्हा रोग आत केव्हाच मुरलेला असतो. चाबूक दिसताच बेट उपटणारा फड वाचवतो. "बघू पुढच्या पाळीला" म्हणणारा शेजाऱ्याचेही रान बिघडवतो. मूत्राशयाचा रोग शेजाऱ्याला लागत नाही, पण घर मात्र बसते.

काही जण म्हणतील, निळा दिवा आपल्या गावाजवळ आहे कुठे? आमचे स्पष्ट मत असे की, त्याची वाट बघत बसू नये. साधी लघवी तपासणी, सोनोग्राफी आणि पांढऱ्या उजेडाची दुर्बीण यांनीही पुष्कळ कळते. सपाट रोगाचा संशय असला, तर निळ्या उजेडाची सोय कुठे आहे हे डॉक्टरांनाच विचारावे. माती परीक्षणाला आपण पिशवी भरून देतो, मग लघवीची बाटली द्यायला लाज कसली?

ते सभासद परवा मुलाला घेऊन तपासणीला गेले. निकाल काय लागायचा तो लागो. चार महिन्यांपूर्वी बोलले असते तर बरे झाले असते, असे आता ते स्वतःच म्हणतात. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी बोला.

— ऊस विकास अधिकारी