रुग्णपत्रिकेची देवघेव आणि साधनांची निवड

व्यवसायबंधूंकडून अलीकडे एक पृच्छा वारंवार होते: चिकित्सालयासाठी किंवा औषधालयासाठी कोणती संगणकप्रणाली घ्यावी? विचारणाऱ्याच्या हाती बहुधा दोन-तीन विक्रेत्यांची माहितीपत्रके असतात. तुलना चाललेली असते ती किमतीची, पडद्याच्या देखणेपणाची, फार तर बिल छापण्याच्या सोयीची. आमच्या मते हा विचार उलट्या टोकाने सुरू होतो. प्रणालीत माहिती कशी भरावी हे प्रत्येक विक्रेता हौसेने दाखवितो. ती बाहेर कोणत्या रूपात पडते आणि दुसऱ्याच्या प्रणालीस ती उमगते का, हे मात्र आपणच विचारावे लागते.

हे शहाणपण आम्हांस उशिरा आले. बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेल्या एका प्रणालीत आम्ही चिकाटीने रुग्णपत्रिका भरल्या. पुढे तिच्या निर्मात्याने व्यवसाय गुंडाळला. नवी प्रणाली घेताना जुनी माहिती काढू गेलो, तो मराठी मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच. त्या काळच्या एका खासगी फाँटच्या खुणांत होता. 'आमवात' या शब्दाच्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा बुजबुजाट दिसला. जे इंग्रजीत लिहिले होते त्यात एकाच व्याधीची चार-पाच स्पेलिंगे. अखेर पत्रिका हाताने उतरवाव्या लागल्या. ज्या उतरविता आल्या नाहीत, त्या रुग्णांना पूर्वी कोणता कल्प सोसला नव्हता, हे त्यांनाच पुन्हा विचारण्याची पाळी आली. वैद्याला यासारखी नामुष्की दुसरी नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात या देवघेवीचे मोल अधिकच आहे. गणपतीत गावी आलेला चाकरमानी येथे औषध सुरू करतो आणि पुढचा पाठपुरावा मुंबईत होतो. राजापूर-लांज्याचा रुग्ण मोठ्या तपासण्यांसाठी कोल्हापूर गाठतो. त्याच्यासोबत जाते ते औषधपत्राचे व्हॉट्सॲपवरील छायाचित्र. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, हे आम्ही मान्य करतो. माणसास ते वाचता येते. पण संगणकास त्यातील मात्रा, काल, अनुपान वेगळे काढता येत नाही, आणि एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम हे दुसऱ्या टोकाच्या ॲलोपॅथिक डॉक्टरास ठाऊक असण्याचे कारण नाही. रसकल्पांच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी कपाटातील कागद आणि टेबलाखालचा संगणक यांची गत एकच होते.

'वेब सर्व्हिस' हा शब्द ऐकून बिचकू नये. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या औषधनिर्मात्यांस १ ऑगस्ट २०२३ पासून तिचा अनुभव आहे. त्यांची हिशेबाची प्रणाली ई-इनव्हॉइस एका ठरलेल्या साच्यात पाठविते, पलीकडची यंत्रणा तो तपासते आणि क्रमांक व क्यूआर कोड परत धाडते. मध्ये कोणी माणूस कागद उघडून पाहत नाही. प्रणाली कोणत्याही कंपनीची असो, साचा एकच, म्हणूनच हे जमते.

आरोग्याच्या नोंदींसाठी असाच साचा आता आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. त्यात नोंदींची देवघेव 'फायर' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. बाह्यरुग्ण तपासणी, औषधपत्र, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड यांचे स्वतंत्र साचे ठरलेले आहेत. नोंद आपल्याकडेच राहते आणि रुग्णाने संमती दिली तरच पुढे जाते. आपल्या शास्त्रातील व्याधिसंज्ञांसाठी आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवर २०१७ पासून सांकेतांक उपलब्ध आहेत, आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मधील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग दिल्लीत जाहीर झाला. आमवाताची पाच स्पेलिंगे होण्याचा प्रश्न सांकेतांकाने मिटतो. चरकाचार्यांनी उत्तम द्रव्याच्या चार गुणांत अनेकविध कल्पना हा एक गुण सांगितला आहे. ज्या द्रव्याचा स्वरस, क्वाथ, चूर्ण असे काहीही करता येत नाही त्याचा उपयोग तो किती! माहितीचेही तसेच आहे.

येथे जाहिरातींविषयी सावध राहावे. मिशनशी जोडणी तीन टप्प्यांत होते. पहिल्यात रुग्णाचा आभा क्रमांक काढणे व पडताळणे, दुसऱ्यात आपल्याकडील नोंदी संमतीने इतरांस देणे, तिसऱ्यात इतरांकडील नोंदी मागविणे. पहिला टप्पा झाला की माहितीपत्रकावर 'आभा' चे चिन्ह झळकू लागते, पण देवघेव दुसऱ्या टप्प्याशिवाय सुरूच होत नाही. सबब, 'कोणता टप्पा पूर्ण झाला?' एवढेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. सर्व नोंदी एकत्र काढून देण्याची सोय करारात हवी, तीही वेगळे शुल्क न आकारता.

दुसरी कसोटी आपल्या पावसाची. आषाढात वीज जाते, तारा तुटतात. इंटरनेट नसताना नोंद घेता यावी, ते आल्यावर ती आपोआप रवाना व्हावी आणि तिची पोच मिळावी. पोच वाटेत हरवली म्हणून प्रणालीने तीच नोंद पुन्हा पाठविली, तर पलीकडे एकाच औषधपत्राची दोन होता कामा नयेत. हा दोष शांत हवेत दिसत नाही.

दिवसाला दहा-पंधरा रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने घाईने काही विकत घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. युनिकोड मराठीत, व्याधीचा सांकेतांक आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून ठेवलेली साधी तक्तावहीसुद्धा पुढे कोणत्याही प्रणालीत नेता येते. मात्र तिला संकेतशब्द हवा आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि रुग्णाची माहिती जपण्याचा भार लहानमोठा न पाहता आपणा सर्वांवर येतो.

विक्रेता प्रात्यक्षिकास आला की आम्ही आता त्यास एक काल्पनिक रुग्णपत्रिका भरावयास सांगतो: आमवात, सिंहनाद गुग्गुळ, अनुपान कोष्ण जल. मग ती बाहेर काढून आमच्या दुसऱ्या संगणकावर, त्याची प्रणाली नसताना, उघडून दाखवावयास सांगतो. मागील खेपेस आलेल्या गृहस्थांनी तासभर खटपट केली, चहा घेतला आणि कार्यालयात विचारून कळवितो म्हणाले. अजून कळविलेले नाही.