दरीकाठचा रस्ता कोणाचा?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ग्रँड जंक्शन शहराच्या पश्चिमेस तांबड्या वालुकाश्माचे पठार तटासारखे उभे आहे. त्याच्या कड्यावरून जाणारा ‘रिम रॉक ड्राइव्ह’ हा २३ मैलांचा घाटरस्ता सायकलस्वारांना फार प्रिय. खोऱ्यातून सुमारे दोन हजार फूट चढायचे, दिवे लावून बोगदे ओलांडायचे, आणि वर पोहोचल्यावर दरीतल्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. निदान भल्या पहाटे तरी! हा रस्ता स्वस्तात झालेला नाही. १९३१ मध्ये, मंदीच्या दिवसांत, काम सुरू झाले. १९३३ च्या डिसेंबरात दरड कोसळून नऊ मजूर मृत्युमुखी पडले. रस्ता पुरा झाला तो १९५० मध्ये.

१९८० च्या दशकात येथून ‘कूर्स क्लासिक’ शर्यतीचा एक टप्पा जात असे. २०१० नंतर तशी व्यावसायिक शर्यत पुन्हा नेण्याची मागणी झाली, ती राष्ट्रीय उद्यान खात्याने फेटाळली. व्यापाऱ्यांचा विरस समजण्यासारखा आहे. तरी नकार योग्यच होता. जाहिरातदारांसाठी सार्वजनिक रस्ता अडवणे निराळे आणि सामान्य सायकलस्वारासाठी तो मोकळा करणे निराळे. हे दुसरे मात्र खात्याने मनावर घ्यावे. ग्रँड कॅन्यनच्या हर्मिट मार्गावर मार्च ते नोव्हेंबर खासगी मोटारींना मज्जाव असतो. बसगाड्या आणि सायकली तेवढ्या धावतात. रिम रॉकवर आठवड्यातून एक सकाळ तसे करण्यास कोणती अडचण आहे? पठारावरील ग्लेड पार्कच्या रहिवाशांची पूर्वेकडील भागातली वहिवाट अर्थातच चालू ठेवावी लागेल.